पदवीनंतर स्वतःचं काम कोण करतं? मुला-मुलींमधला फरक दाखवणारी माजी विद्यार्थी पाहणी कशी करावी

कॉलेजकडे पदवीधरांची माहिती असते ती दोन रकान्यांत: किती जणांना नोकरी लागली आणि किती जण पुढे शिकायला गेले. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीच्या, तक्त्यातही हेच विचारतात, सोबत मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) पगार. स्वतःचा धंदा किंवा व्यवसाय करणारा पदवीधर यात कुठेच बसत नाही. त्यातही मुलगा मेडिकल स्टोअर चालवत असेल तर निदान शिक्षकांना ठाऊक असतं. मुलगी घरी २५ मुलांची शिकवणी घेत असेल तर ती ‘गृहिणी’ म्हणून नोंदली जाते.

पुढची पद्धत महाराष्ट्रातल्या अनुदानित किंवा स्वायत्त कॉलेजच्या अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा वाणिज्य विभागाला एका सत्रात पार पाडता येईल अशी आहे. सगळी पाहणी एका गोष्टीवर उभी आहे. ‘स्वयंरोजगार: हो / नाही’ एवढाच प्रश्न विचारला तर फरक सापडत नाही, कारण तो स्वयंरोजगाराच्या आत असतो. धंदा कोणाच्या नावावर आहे, पैसा कोणाच्या हातात जातो, कोण बिनपगारी राबतं आणि कोण दुसऱ्याला पगार देतं, हे वेगवेगळं विचारावं लागतं.

कोणती बॅच घ्यावी

पदवीनंतर सहा महिन्यांनी फोन केला तर हाती काही लागत नाही. तेव्हा बरीच मुलं एमपीएससीच्या तयारीत असतात, काही एम.ए., एम.कॉम.ला, आणि मुलींच्या घरी स्थळं बघणं चालू असतं. स्वतःचं काम उभं राहायला वेळ लागतो आणि स्त्री-पुरुषांतली दरी लग्न व पहिलं मूल यांनंतर रुंदावते. म्हणून दोन बॅचेस घ्या: एक पदवी होऊन ३ वर्षं झालेली, दुसरी ६ ते ७ वर्षं झालेली. २०२० मध्ये बाहेर पडलेली बॅच टाळता आली तर टाळा. टाळेबंदीमुळे तिची सुरुवातच वेगळी झाली आणि तिच्यावरून इतर वर्षांबद्दल काही म्हणता येत नाही.

बीएएमएस, बीडीएस, विधी, वास्तुरचना आणि सीए झालेले पदवीधर वेगळ्या गटात ठेवा. या क्षेत्रांत दवाखाना, सनद किंवा स्वतःचं ऑफिस हा नेहमीचा रस्ता आहे. ते बी.ए., बी.कॉम.मध्ये मिसळले तर तुम्ही मोजाल तो फरक स्त्री-पुरुषांचा नसून शाखांचा असेल.

किती जण लागतील

वार्षिक पदवीधर ४०० च्या आत असतील तर नमुना काढू नका, सगळ्यांनाच फोन करा. मोठ्या कॉलेजात नमुना काढताना हा हिशेब लक्षात ठेवा. मुलांमध्ये ३० टक्के आणि मुलींमध्ये २० टक्के असा १० अंकांचा फरक खात्रीने (९५ टक्के विश्वासपातळी, ८० टक्के शक्ती, म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) पकडायचा तर प्रत्येक बाजूला सुमारे २९५ पूर्ण मुलाखती हव्यात. फरक २५ आणि २० असा ५ अंकांचाच असेल तर प्रत्येक बाजूला जवळजवळ १,१०० लागतात. शंभर-शंभर जणांना विचारून ‘फरक नाही’ असा निष्कर्ष काढणारे प्रकल्प दरवर्षी लिहिले जातात. तेवढ्या संख्येत मध्यम आकाराचा फरक असला तरी दिसत नाही. १० अंकांच्या फरकासाठी, ६० टक्के प्रतिसाद धरून, प्रत्येक बाजूची यादी सुमारे ४९० ची करा.

यादी: इथेच मुली गळतात

यादी पीआरएनवर (विद्यापीठाने दिलेल्या कायम नोंदणी क्रमांकावर) बांधा, नावावर नाही. गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असतं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली मुलगी फेसबुकवर वा लिंक्डइनवर सापडत नाही, आणि कधी कधी पहिलं नावही बदललेलं असतं. मुलांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवरून केलेली पाहणी आपोआप मुलांची, अविवाहित मुलींची आणि शहरात नोकरी करणाऱ्या मुलींची होते.

प्रवेश अर्जावरचा मोबाईल नंबर बहुतेकदा वडिलांचा किंवा भावाचा असतो. तो टाकाऊ नाही, उलट तोच दुवा आहे. पण फोन मुलीने किंवा बाईंनीच करावा, कॉलेजचं नाव आणि विभाग पहिल्या वाक्यात सांगावा, आणि कारण स्पष्ट असावं: ‘नमस्कार काका, मी कॉलेजच्या वाणिज्य विभागातून बोलतेय. ताईंच्या बॅचची माहिती गोळा करतोय. त्यांच्याशी दहा-पंधरा मिनिटं बोलता येईल अशी वेळ सांगाल का?’ काका तिथेच ‘ती घरीच असते, काही करत नाही’ म्हणतील. हे उत्तर म्हणून लिहू नका. दुसऱ्याने दिलेल्या माहितीत बाईचं काम हमखास कमी नोंदलं जातं. नाइलाजाने दुसऱ्याचंच उत्तर घ्यावं लागलं तर तशी खूण करा आणि तक्ते अशा नोंदी धरून व वगळून, दोन्ही प्रकारे काढा.

प्रत्येक पीआरएनला वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी किमान पाच प्रयत्न करा. लहान मूल असलेल्या स्त्रिया दुपारी दोन ते चार बोलू शकतात, नोकरदार रविवारी सकाळी, दुकानदार दुपारच्या बंद वेळेत. बाजाराच्या दिवशी व्यापारी पदवीधराला फोन करू नये. नुसता गुगल फॉर्म व्हॉट्सॲप गटावर टाकण्यावर भागवू नका. तो ज्यांच्याकडे सांगण्यासारखं यश असतं तेच भरतात.

प्रश्न कसे विचारायचे

मोजपट्टी नवी बनवू नका. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाची नियतकालिक श्रमबल पाहणी (पीएलएफएस) एप्रिल २०१७ पासून चालू आहे. तिच्या व्याख्या घेतल्या की तुमचे आकडे राज्याच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. तिथे कामाची स्थिती दोन प्रकारे पाहतात: गेल्या ३६५ दिवसांत मुख्यतः काय केलं (आणि जोडीला किमान ३० दिवस दुसरं काय केलं), आणि गेल्या ७ दिवसांत किमान १ तास काम केलं का. दोन्ही विचारा. स्त्रियांचं बरंचसं काम जोडीच्या ३० दिवसांच्या प्रश्नातूनच वर येतं.

पण ‘काम करता का?’ हा शब्दप्रयोग फसवतो. ऐकणाऱ्याच्या मनात काम म्हणजे नोकरी. म्हणून पहिल्या ‘नाही’नंतर यादी वाचायचीच, स्त्री असो वा पुरुष, सगळ्यांपुढे तीच:

– घरी शिकवणी, क्लास, पाळणाघर
– शिवणकाम, फॉल-पिको, मेंदी, पार्लर
– डबे, केक, दिवाळी फराळाच्या ऑर्डरी, मसाले, पापड
– व्हॉट्सॲपवरून साड्या, दागिने, कपडे विकणं
– विमा, म्युच्युअल फंड, पोस्टाची एजन्सी
– टायपिंग, भाषांतर, डिझाइन, हिशेब लिहिणं, जीएसटीची विवरणपत्रं भरून देणं
– झेरॉक्स, सेवा केंद्र, मोबाईल दुरुस्ती, फ्लेक्स
– शेती, गोठा, पोल्ट्री, रोपवाटिका, ट्रॅक्टर भाड्याने देणं
– कृषी सेवा केंद्र, मेडिकल, किराणा, हॉटेल. घरच्या अशा कुठल्याही धंद्यात गल्ल्यावर बसणं, माल लावणं, हिशेब ठेवणं, पैसे मिळोत न मिळोत

पुरुषही निसटतात, वेगळ्या तऱ्हेने. ‘एमपीएससीचा अभ्यास करतोय’ म्हणणारा मुलगा रोज पहाटे गोठ्याचं दूध डेअरीला घालत असतो, आणि ‘काही नाही, शेतीच’ हे उत्तर तर सर्रास येतं. दोघांची नोंद कामातच झाली पाहिजे.

मग स्थिती ठरवा. पीएलएफएसमध्ये ११ हा संकेतांक स्वतःच्या बळावर, सहसा पगारी माणूस न ठेवता काम करणाऱ्याचा. १२ पगारी माणसं ठेवून धंदा चालवणाऱ्याचा. २१ घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याचा. तिन्ही मिळून ‘स्वयंरोजगार’ होतो, आणि सगळा घोळ इथेच होतो. २०२३-२४ च्या अहवालात देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ६७.४ टक्के स्वयंरोजगारात दिसतात. २०१७-१८ मध्ये हा आकडा ५१.९ होता. मथळे ‘महिला उद्योजकांची लाट’ असे आले. या आकड्यात सर्व शिक्षणपातळ्यांच्या स्त्रिया आहेत आणि त्यांतला मोठा हिस्सा २१ या संकेतांकाचा, म्हणजे घरच्या शेतात-दुकानात बिनपगारी राबणाऱ्यांचा आहे. तुमच्या तक्त्यात हे तीन संकेतांक कधीही एका रकान्यात मिसळू नका.

चौथा गट तुम्ही स्वतः जोडा: नावाला स्वतंत्र, पण एकाच कंपनीवर अवलंबून असलेले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सांख्यिकी परिषदेने २०१८ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात अशांना वेगळं स्थान दिलं आहे. ॲपवरून डिलिव्हरी किंवा टॅक्सी चालवणारा, ‘कन्सल्टंट’ म्हणून नेमलेली पण रोज ठरल्या वेळी त्याच ऑफिसात बसणारी मुलगी हे या गटात येतात. ओळखायला तीन प्रश्न पुरतात: दर कोण ठरवतं, एकाच ठिकाणाहून उत्पन्नाचा बहुतेक भाग येतो का, आणि कर पगार म्हणून कापतात की व्यावसायिक फी म्हणून. तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक मात्र स्वयंरोजगारात धरू नका. ते अस्थिर नोकरीतले पगारी लोक आहेत.

नाव एकाचं, धंदा दुसऱ्याचा

हा भाग घाईत उरकू नका. उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता परवाना बाईंच्या नावावर आहे, एवढ्यावरून धंदा तिचा ठरत नाही. पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत) सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला स्वतःचे १० टक्के भरावे लागतात आणि अनुदान शहरात १५, ग्रामीण भागात २५ टक्के मिळतं. स्त्रीला स्वतःचे ५ टक्के आणि अनुदान २५ व ३५ टक्के. त्यामुळे पत्नीच्या किंवा आईच्या नावावर प्रकल्प टाकण्याचं सरळ आर्थिक कारण आहे. मेडिकलच्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला ठराविक विषयातली पदवी लागते. परवाना मुलीच्या पदवीवर आणि दुकानात भाऊ, असंही असू शकतं. उलट बाजूनेही तसंच: पाटीवर नवऱ्याचं नाव, आणि खरेदी, उधारीची वही, जीएसटी सगळं बी.कॉम. झालेली बायको सांभाळते.

म्हणून पाच गोष्टी स्वतंत्र विचारा आणि प्रत्येकीचं उत्तर ‘मी / दोघं मिळून / दुसरं कोणी’ असं नोंदवा: नोंदणी कोणाच्या नावावर, विक्रीचे पैसे ज्या खात्यात किंवा यूपीआयवर येतात ते कोणाचं, विक्रीचा भाव कोण ठरवतं, माल कुठून घ्यायचा हे कोण ठरवतं, आणि महिनाअखेर उरलेला पैसा कशावर खर्च करायचा हे कोण ठरवतं. पाचांपैकी नोंदणी सोडून किमान दोन ठिकाणी ‘मी’ किंवा ‘दोघं मिळून’ नसेल तर त्या व्यक्तीला मालक समजू नये, २१ मध्ये टाकावं. हा निकष मुलांनाही लावा. वडिलांच्या दुकानात बसणारे बरेच पदवीधर मुलगे मग मालकांतून मदतनिसांत जातात, आणि ते बरोबरच आहे.

उत्पन्न आणि तास

‘महिन्याला किती सुटतात?’ विचारलं की गोल आकडा येतो, तोही पुरुषाकडून फुगलेला आणि स्त्रीकडून ‘तेवढं काही नाही हो’ असा. गेल्या ३० दिवसांची विक्री विचारा, मग माल, भाडं, वीज, इंटरनेट, मजुरी, प्रवास हे खर्च एकेक करून वजा करा. सोबत वर्षातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात मंदा महिना कोणता आणि त्यांत किती, हेही घ्या. पार्लर लग्नसराईवर चालतं, फराळ दिवाळीवर, क्लास जून ते मार्च. एकाच महिन्याचा आकडा वर्षाला बाराने गुणला तर स्त्रियांच्या धंद्याचं चित्र पार बिघडतं.

तास विचारताना ‘दिवसाला किती?’ न म्हणता सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार तुकडे करून कालचा दिवस विचारा. स्त्रियांचे तास विखुरलेले असतात, सलग नसतात. एका आकड्यात मागितले की त्या कमी सांगतात. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ८८. म्हणून घरकामाचे आणि मुलांचे तास विचारायचेच, आणि पुरुषांनाही विचारायचे. ‘मुलं कोण सांभाळतं?’ हा प्रश्न फक्त बायकांच्या फॉर्मवर ठेवला तर तुलना करायला दुसरी बाजूच उरत नाही. तुलना करताना उत्पन्न ताशी काढा आणि सरासरीऐवजी मध्यक द्या, नाहीतर एखादा बांधकाम ठेकेदार सगळ्या मुलांची सरासरी वर ओढतो.

भांडवल, तारण आणि बंद पडलेले धंदे

पहिला पैसा कुठून आला? स्वतःची बचत, सोनं तारण, वडील, सासर, बचत गट, पतसंस्था, बँक, मुद्रा. मुद्रा असेल तर गट विचारा: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि २०२४ पासून तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंत तरुण प्लस. नुसतं ‘मुद्रा मिळालं’ एवढं लिहिलं तर ४० हजारांचं आणि ८ लाखांचं कर्ज सारखं दिसतं.

तारणाचा प्रश्न साधा ठेवा: बँक गहाण घेईल अशी काही मालमत्ता तुमच्या नावावर आहे का? सात-बारा, घर, दुकानगाळा. हिंदू कुटुंबांतल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला, पण हक्कसोडपत्रावर सही केलेली मुलगी कर्ज मागायला जाते तेव्हा तिच्या हातात कागद नसतो. एवढ्या एका प्रश्नाने पुढच्या कितीतरी आकड्यांचा उलगडा होतो.

चालू धंद्यांचीच नोंद केली तर टिकलेलेच दिसतात. त्यासाठी पदवीच्या महिन्यापासून आजपर्यंतची आडवी पट्टी काढा आणि तिच्याखाली चार ओळी: राहण्याचं गाव, लग्न, मूल, काम. सुरू केलेलं प्रत्येक काम कधी सुरू झालं आणि कधी थांबलं ते भरा. लग्नानंतर गाव बदललं की पार्लरची गिऱ्हाइकं आणि क्लासची मुलं मागेच राहतात. पट्टीवर हे तुटणं महिन्यासकट दिसतं. याला चार-पाच मिनिटं जास्त लागतात, पण हा भाग कापू नका. वेळ वाचवायचाच असेल तर समाधान, प्रेरणा वगैरेंचे १ ते ५ गुणांचे प्रश्न काढून टाका.

‘स्वतःचं काम का निवडलं?’ याला आधी मोकळं उत्तर घ्या, पर्याय वाचू नका. ‘घर सांभाळून करता येतं’ हा पर्याय वाचून दाखवला की बायका तोच निवडतात आणि नोकरी मिळाली नव्हती ही गोष्ट झाकली जाते.

एकूण मुलाखत १८ ते २० मिनिटांत बसली पाहिजे. पाहणीत नसलेल्या बॅचच्या १० मुली आणि १० मुलांवर आधी तालीम घ्या. विद्यार्थी मुलाखतकारांना दीड दिवस प्रशिक्षण द्या. त्यातला अर्धा दिवस फक्त ११, १२ आणि २१ वेगळे करण्याच्या सरावाला. संमती सुरुवातीलाच घ्या, नावं-नंबरांची फाईल उत्तरांच्या फाईलपासून वेगळी ठेवा, आणि याद्या व्हॉट्सॲपवर फिरवू नका. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर ही जबाबदारी कॉलेजची आहे.

तक्ते: छेद कोणता धरता यावर उत्तर उलटतं

समजा ३०० मुली आणि ३०० मुलगे. काम करणाऱ्या मुली १२०, त्यांत स्वयंरोजगारात ४२. काम करणारे मुलगे २४०, त्यांत ७८. काम करणाऱ्यांतलं प्रमाण काढलं तर मुली ३५ टक्के, मुलगे ३२.५, मुली पुढे. सगळ्या पदवीधरांतलं काढलं तर मुली १४, मुलगे २६. दोन्ही खरे आहेत, पण पहिलाच छापला तर वाचक फसतो. आता ४२ मुलींपैकी १६ आणि ७८ मुलांपैकी ९ बिनपगारी मदतनीस असतील तर ते वगळून उरतात २६ आणि ६९, म्हणजे ८.७ आणि २३ टक्के. पगारी माणसं ठेवणारे ३ आणि १५ असतील तर १ आणि ५ टक्के. चारही ओळी एकाखाली एक द्या.

पुढे शाखेचा हिशेब. वरच्या २६ मुली शाखेनुसार अशा धरा: कला १८० पैकी १०, वाणिज्य ९० पैकी १२, विज्ञान ३० पैकी ४. मुलांची वाटणी ९०, १५० आणि ६० आहे. मुलींचे शाखावार दर मुलांच्या वाटणीला लावले तर ५ + २० + ८ = ३३, म्हणजे ११ टक्के. १४.३ अंकांच्या दरीतले २.३ अंक शाखेमुळे. १२ अंक तसेच उरतात. हे काम एक्सेलमध्ये होतं, त्याला मोठ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. लॉजिस्टिक प्रतिमान (हो-नाही अशा उत्तरावर अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजणारी पद्धत) करायचंच असेल तर एका चलामागे, म्हणजे एका घटकामागे, किमान १० घटना (इथे स्वतःचं काम करणाऱ्या मुली) हा नियम पाळा. २६ मुलींवर दोन-तीन चलांपेक्षा जास्त चढवू नका. आणि मूल, कामाचे तास, तारण हे सगळं ‘नियंत्रित’ करून फरक नाहीसा झाला असं लिहू नका. ज्या वाटांनी फरक घडतो त्याच तुम्ही बंद केलेल्या असतात.

प्रतिसाद मुलींचा ४८ टक्के आणि मुलांचा ६६ आला तर शाखा गुणिले लिंग अशा प्रत्येक कप्प्याला ‘यादीतली संख्या भागिले प्रतिसाद’ असा भार द्या, म्हणजे त्या कप्प्यातलं प्रत्येक उत्तर तेवढ्या पटीने मोजा. भाराने सगळं सुधारत नाही. न सापडलेल्यांपैकी ३० जणी चिठ्ठी टाकून निवडा आणि मैत्रिणी, नातेवाईक, गावातले शिक्षक यांच्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचा. त्यांची उत्तरं इतरांपेक्षा किती वेगळी आहेत ते अहवालात स्वतंत्र द्या.

राज्याच्या आकड्यांशी तुलना

पीएलएफएसची मूळ विदा (डेटा) मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळते. व्यक्तींची पहिल्या भेटीची फाईल घ्या, पुनर्भेटीची नाही. जुन्या रचनेत पुनर्भेट फक्त शहरी कुटुंबांची होती, ती मिसळली की शहराचं वजन वाढतं. राज्य संकेतांक २७, शिक्षण संकेतांक १२ (पदवी) आणि १३ (पदव्युत्तर व वर). शिक्षणाच्या या यादीत ११ म्हणजे पदविका, ती धरू नका. वय तुमच्या बॅचेसइतकं ठेवा. भार लावताना फाईलसोबतच्या सूचनेप्रमाणे गुणकाला १०० किंवा २०० ने आणि तिमाहींच्या संख्येने भागावं लागतं. हे विसरलं तर टक्केवारीही चुकते, कारण भागाकार सगळ्या नोंदींना सारखा नाही. महाराष्ट्रातल्या तरुण पदवीधर स्वयंरोजगारी स्त्रिया एका वर्षाच्या नमुन्यात थोड्याच सापडतात, तेव्हा तीन वर्षं एकत्र करा. वर्षं २०२३-२४ पर्यंत जुलै ते जून अशी आहेत. जानेवारी २०२५ पासून नमुन्याची रचना बदलली, म्हणून त्याआधीची आणि नंतरची वर्षं एका गठ्ठ्यात बांधू नका.

अहवालाची एक प्रत आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला) द्या आणि एक प्लेसमेंट सेलला, सोबत एक मागणी जोडून: पुढच्या बॅचच्या निर्गम अर्जावर पीआरएनशेजारी मुलीचा स्वतःचा मोबाईल, आईचा मोबाईल आणि एका मैत्रिणीचा मोबाईल, असे तीन रकाने.